फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, दिवाळी आणि लग्नसराई संपली की हे प्रश्न हमखास येतात. फोनवर जागा संपल्याची सूचना झळकते, माणूस घाईने फोटो हलवायला बसतो, आणि बहुतेकांचे फोटो नेमके त्याच घाईत जातात. म्हणून इथली उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या प्रश्नाचा संबंध येतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. लॅपटॉप विंडोज १० किंवा ११ चा आहे असं धरलं आहे. मॅकवाल्यांनी प्रश्न ९ पाहावा.

१. फोटो लॅपटॉपवर घ्यायचा सगळ्यात सोपा आणि खात्रीचा मार्ग कुठला?

केबल. इंटरनेट लागत नाही, फोटोचा दर्जा कमी होत नाही आणि किती फाइल गेल्या ते मोजता येतं.

अँड्रॉइड फोन असेल तर केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोन अनलॉक करा. आता फोनच्या वरच्या काठावरून बोट खाली ओढा. 'चार्जिंग धिस डिव्हाइस व्हाया यूएसबी' अशा अर्थाची एक सूचना दिसेल. तिच्यावर टॅप केलं की पर्यायांची यादी उघडते. त्यातला 'फाइल ट्रान्सफर' निवडा. काही फोनवर त्याच्याच शेजारी 'अँड्रॉइड ऑटो' असंही लिहिलेलं असतं, तोच पर्याय. ही एक पायरी राहिली की पुढचं सगळं अडतं, कारण अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर आपणहून फक्त चार्ज होतो. सुरक्षेसाठी तो मुद्दाम तसाच ठेवलेला आहे.

मग लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि 'ई' एकत्र दाबा. डावीकडे 'धिस पीसी'खाली फोनचं नाव दिसेल. ते उघडून 'इंटर्नल स्टोरेज', त्यात 'डीसीआयएम', त्यात 'कॅमेरा'. हवे ते फोटो निवडा, कॉपी करा आणि लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये पेस्ट करा. काम पूर्ण होईपर्यंत फोन लॉक होऊ देऊ नका आणि केबल हलवू नका.

आयफोनची पद्धत थोडी वेगळी आहे, ती प्रश्न ६ मध्ये.

२. केबल जोडली की फोन चार्ज होतो, पण लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. असं का?

आधी प्रश्न १ मधली 'फाइल ट्रान्सफर'ची पायरी झाली आहे ना, ते पाहा. ती सूचनाच येत नसेल तर संशय केबलवर घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. इअरफोन, ट्रिमर किंवा पॉवर बँकेसोबत येणाऱ्या स्वस्त केबलींमध्ये माहितीच्या दोन तारा पुष्कळदा घातलेल्याच नसतात. बाहेरून ती केबल अगदी इतर केबलींसारखी दिसते, फोन चार्जही होतो, पण फोटो तिच्यातून जाणं शक्यच नसतं. फोनच्या खोक्यातून आलेली मूळ केबल शोधा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून 'डेटा' असं लिहून ठेवा. घरात चार केबली असल्या की ही खूण फार उपयोगी पडते.

केबल चांगली असूनही दिसत नसेल तर यूएसबी हब मधून काढून थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. फोनच्या चार्जिंग पोर्टमध्ये खिशातली लव साचून केबल पुरती आत बसत नाही, असंही खूपदा होतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती अलगद काढता येते. टाचणी किंवा सुई घालू नका. फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकदा बंद करून चालू करणं हा शेवटचा उपाय, आणि त्याने खरोखरच पुष्कळदा काम होतं.

३. आत शंभर फोल्डर दिसतात. माझे फोटो नेमके कुठे आहेत?

कॅमेऱ्याने काढलेले फोटो आणि व्हिडिओ 'डीसीआयएम'मधल्या 'कॅमेरा' फोल्डरमध्ये असतात. हे नाव डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलं आहे, म्हणून जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये तेच सापडतं. स्क्रीनशॉट काही फोनवर 'डीसीआयएम'मध्ये, काहींवर 'पिक्चर्स'मध्ये असतात. ब्राउझरवरून उतरवलेले 'डाउनलोड'मध्ये.

लोक हमखास विसरतात ते व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो. अँड्रॉइड ११ पासून त्यांची जागा खोल गेली आहे: आधी 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप', मग 'व्हॉट्सअ‍ॅप', पुन्हा 'मीडिया' आणि शेवटी 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस'. व्हिडिओंचा फोल्डर त्याच्याच शेजारी. तुम्ही पाठवलेले फोटो 'सेंट' नावाच्या उपफोल्डरमध्ये वेगळे असतात. फोन बदलताना 'डीसीआयएम' घेतला म्हणजे सगळं आलं असं समजून जुना फोन विकणाऱ्यांचे नातेवाइकांनी पाठवलेले सगळे फोटो मागेच राहतात. आजोबांचा शेवटचा फोटो कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकलेला असतो आणि तो फक्त तिथेच असतो.

फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर 'इंटर्नल स्टोरेज'शेजारी ते वेगळं दिसेल. त्यातही एक 'डीसीआयएम' असतो, तो पाहायला विसरू नका.

४. कॉपी करू की कट? कट केलं तर फोनमधली जागाही लगेच मोकळी होईल.

कॉपी. याला अपवाद नाही.

अँड्रॉइड फोन केबलने जोडला तरी तो पेनड्राइव्हसारखा थेट उघडत नाही. लॅपटॉप एकेक फाइल मागतो आणि फोन ती एकेक करून देतो. या पद्धतीला एमटीपी म्हणतात. मध्येच केबल हलली किंवा फोन अडकला तर एखादी फाइल अर्धवट पोहोचते. कॉपी करत असाल तर मूळ फाइल फोनवर शाबूत असते, पुन्हा घेता येते. कट करत असाल तर ती हमी राहत नाही. शिवाय केबलवरून, म्हणजे लॅपटॉपच्या खिडकीतून डिलीट केलेला फोटो फोनच्या ट्रॅशमध्येही जात नाही आणि लॅपटॉपच्या रीसायकल बिनमध्येही नाही. तो सरळ कायमचा जातो. फोनमधून फोटो कधी काढायचे ते प्रश्न १८ मध्ये सांगितलं आहे.

५. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच फोटो पाठवून लॅपटॉपवर उतरवते. त्यात काय चूक आहे?

एखाद्या पावतीचा किंवा सातबाऱ्याचा फोटो घेण्यापुरतं ठीक आहे. जपायच्या फोटोंसाठी मात्र हे करू नका.

फोनच्या कॅमेऱ्याचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि तीन-चार एमबी भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि वजन काहीशे केबी उरतं. मोबाइलच्या पडद्यावर दोघांत फरक दिसत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. फरक दिसतो तो छापायला दिल्यावर. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं धरलं, तर मूळ फोटो १३ बाय १० इंचांपर्यंत नीट छापता येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला सव्वापाच बाय चार इंचांच्या आसपास. म्हणजे अल्बमच्या खिशात मावेल एवढाच. आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला भिंतीवर लावायची मोठी फ्रेम त्यातून करायला गेलात, तर डोळे आणि केस पुसट येतात आणि स्टुडिओवालाही त्यात काही करू शकत नाही.

'एचडी' निवडून पाठवला तर फोटो बराच बरा पोहोचतो, पण तोही मूळ नव्हे. शिवाय फोटोत दडलेली तारीख आणि ठिकाणाची नोंद दोन्ही प्रकारांत गळून पडते. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर जोडणीच्या चिन्हावर जाऊन 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो जोडा. मग फाइल जशीच्या तशी जाते, आणि एक फाइल २ जीबीपर्यंत चालते. लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या फोनवर असतील, तर त्यांनाही 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं आवर्जून सांगा.

६. माझा आयफोन आहे आणि लॅपटॉप विंडोजचा. जमेल का?

जमतं. लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'अ‍ॅपल डिव्हाइसेस' हे मोफत अ‍ॅप आधी घ्या, म्हणजे लॅपटॉपला आयफोन नीट ओळखता येतो. मग केबल जोडून आयफोन अनलॉक करा. पडद्यावर या संगणकावर विश्वास ठेवायचा का, असा प्रश्न येईल. 'ट्रस्ट' दाबा आणि पासकोड घाला. हा प्रश्न निसटला तर लॅपटॉपवर आयफोन दिसतो, पण उघडल्यावर रिकामा असतो. केबल काढून पुन्हा लावली की प्रश्न परत येतो.

पुढे दोन वाटा आहेत. विंडोजच्या 'फोटोज' अ‍ॅपमध्ये 'इम्पोर्ट' दाबून घ्या, किंवा प्रश्न १ प्रमाणे 'धिस पीसी'मधून कॉपी करा. 'इम्पोर्ट'च्या वेळी घेतल्यानंतर मूळ फोटो डिलीट करण्याची चौकट दिसली तर ती रिकामीच ठेवा. थेट कॉपी करताना 'डीसीआयएम'च्या आत एकच 'कॅमेरा' फोल्डर मिळणार नाही. नव्या आयफोनवर वर्ष-महिन्याच्या आकड्यांचे, जुन्यांवर '१०० अ‍ॅपल' अशा नावांचे अनेक फोल्डर असतात. सगळेच घ्या.

७. आयफोनचे फोटो लॅपटॉपवर आले, पण उघडतच नाहीत. आणि कॉपी करताना 'डिव्हाइस इज नॉट फंक्शनिंग' अशी चूक येते.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन जेपीईजी या नेहमीच्या प्रकाराऐवजी एचईआयसी या प्रकारात फोटो साठवतो. तो जागा कमी घेतो. लॅपटॉपला देताना आयफोन त्याचं जेपीईजीत रूपांतर करत बसतो, आणि शेकडो फोटोंच्या वेळी त्यात अडखळला की ती चूक येते.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोटोज' उघडा. नव्या आवृत्तीत ते 'अ‍ॅप्स'च्या आत आहे. अगदी तळाशी 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' असा भाग दिसेल. तिथे 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'कीप ओरिजिनल्स' निवडा. आता कॉपी सुरळीत होईल, पण फोटो एचईआयसीच येतील. ते उघडायला मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली दोन पूरक साधनं लागतात. 'एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स' मोफत आहे. 'एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स'ला थोडे पैसे पडतात, मात्र अनेक लॅपटॉपवर ते आधीपासून असतं. फोटोसाठी व्हिडिओचं साधन कशाला, असं वाटेल, पण एचईआयसीच्या आतलं चित्र त्याच तंत्राने दाबलेलं असतं.

पुढचे फोटो सरळ जेपीईजीतच हवे असतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. सरकारी भरतीचे फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींनी हे आधीच करून ठेवावं, कारण अशी संकेतस्थळं बहुधा जेपीईजीच घेतात.

प्रत्येक फोटोसोबत एक छोटा व्हिडिओही आला असेल, तर तो 'लाइव्ह फोटो'चा अर्धा भाग आहे. 'एएई' नावाच्या बारीकशा फाइल म्हणजे तुम्ही फोटोवर केलेल्या संपादनाची नोंद.

८. आयफोनवर हजारो फोटो दिसतात, लॅपटॉपवर मात्र थोडेच येतात. बाकीचे कुठे गेले?

ते आयक्लाउडवर आहेत. 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असेल तर जागा कमी पडू लागल्यावर मूळ फोटो आयक्लाउडवर राहतात आणि फोनवर फक्त छोटी प्रत ठेवली जाते. केबलने तीच मिळते जी फोनवर आहे.

फोनवर जागा असेल तर त्याच सेटिंगमध्ये 'डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स' निवडून वायफायवर रात्रभर फोन चार्जिंगला ठेवा, मग केबलने घ्या. जागा नसेल, आणि बहुधा नसतेच, तर लॅपटॉपवर 'आयक्लाउड फॉर विंडोज' बसवून तिथूनच उतरवून घ्या. थोडेच हवे असतील तर ब्राउझरमधून आयक्लाउडच्या संकेतस्थळावरूनही उतरवता येतात.

९. लॅपटॉप मॅकबुक आहे आणि फोन अँड्रॉइड. केबल लावून काहीच होत नाही.

होणारही नाही. अँड्रॉइड फोन ज्या पद्धतीने फाइल देतो ती एमटीपी (प्रश्न ४) मॅकला आपणहून समजत नाही. त्यासाठी गूगलचं 'अँड्रॉइड फाइल ट्रान्सफर' हे साधन होतं, पण २०२४ मध्ये गूगलने ते देणं बंद केलं. आता 'ओपनएमटीपी' हे मोफत साधन वापरावं, किंवा प्रश्न १० मधलं 'लोकलसेंड'. आयफोन आणि मॅक ही जोडी असेल तर थोड्या फोटोंना एअरड्रॉप आणि जास्त फोटोंना केबल लावून मॅकचं 'फोटोज' किंवा 'इमेज कॅप्चर'. लिनक्सच्या उबुंटूसारख्या आवृत्त्यांत अँड्रॉइड फोन प्रश्न १ सारखाच उघडतो.

१०. केबलशिवाय, वायफायवरून घेता येतील का? त्यात माझा डेटा संपेल का?

घेता येतात. अँड्रॉइड आणि विंडोजसाठी 'क्विक शेअर' चांगलं आहे. गूगलचं 'निअरबाय शेअर' आणि सॅमसंगचं 'क्विक शेअर' २०२४ च्या जानेवारीत एकत्र आले, तेच हे. लॅपटॉपवर ते बसवा, दोन्हीकडे वायफाय आणि ब्लूटूथ चालू ठेवा, गॅलरीत फोटो निवडून 'शेअर', मग 'क्विक शेअर', मग लॅपटॉपचं नाव. फोटो लॅपटॉपच्या 'डाउनलोड्स'मध्ये येतात.

माझी पसंती 'लोकलसेंड'ला आहे. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही, आणि आयफोन, अँड्रॉइड, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर असली की पुरे. पहिल्यांदा उघडताना विंडोज फायरवॉलची परवानगी मागतं, ती द्या. परवानगी नाकारली गेली की फोनला लॅपटॉप दिसत नाही, आणि लोक अ‍ॅपला दोष देतात.

डेटा संपत नाही, कारण फोटो राउटरपर्यंत जाऊन तिथूनच लॅपटॉपवर येतात, इंटरनेटवर जात नाहीत. घरी वायफाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडा, तरी चालतं. फक्त हॉटस्पॉट मिळाला की लॅपटॉप स्वतःची अपडेट उतरवायला लागतो आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा त्यातच जातो. म्हणून विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवा.

हॉस्टेल, ऑफिस आणि हॉटेलांच्या वायफायवर बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू दिलं जात नाही. तिथे हॉटस्पॉट किंवा केबलच.

११. ब्लूटूथने पाठवले तर?

चार-पाच फोटो असतील तर पाठवा. चार एमबीच्या एका फोटोला वीसेक सेकंद लागतात. ५०० फोटोंना पावणेतीन तास लागतील आणि मध्ये एकदा तरी जोडणी तुटेल.

१२. आठ-दहा हजार फोटो आहेत. कॉपी अर्ध्यावर अडकते किंवा तासन् तास 'कॅल्क्युलेटिंग' दाखवते.

अँड्रॉइड फोन ज्या पद्धतीने फाइल देतो त्या एमटीपीला (प्रश्न ४) मोठे फोल्डर पेलत नाहीत. 'कॅमेरा' फोल्डर उघडल्यावर यादी पूर्ण भरायलाच काही मिनिटं लागतात. खिडकीच्या वर सरकणारी हिरवी पट्टी थांबेपर्यंत थांबा, नाहीतर अर्धीच यादी निवडली जाते आणि तेवढेच फोटो येतात. 'सगळे निवडले होते, तरी निम्मेच आले' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

मग एका वेळी पाच-सहाशे फोटो घ्या. नावाप्रमाणे क्रम लावला की काम सोपं होतं, कारण बहुतेक फोनमध्ये फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने आकडे असतात. एकेका महिन्याचा गठ्ठा उचलायचा, तो पूर्ण झाला की पुढचा. एक कॉपी चालू असताना त्याच फोनवरून दुसरी सुरू करू नका. फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्क्रीन टाइमआउट' वाढवून ठेवा.

वेळेचा अंदाज: यूएसबी २ ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० एमबी. प्रत्यक्षात निम्मी मिळाली तरी चांगली. ३० जीबीला अर्धा-पाऊण तास धरा. टाइप सी पोर्ट आहे म्हणजे वेग जास्त, असं नसतं. आयफोन १५ चा टाइप सी पोर्टही यूएसबी २ च्याच गतीचा आहे. १५ प्रो मध्ये जलद यूएसबी ३ आहे, पण त्याच्या खोक्यातली केबल यूएसबी २ ची असल्याने जलद केबल वेगळी घ्यावी लागते.

१३. लॅपटॉपच भरला आहे. फोनमधून थेट पेनड्राइव्हवर घेता येतील का?

टाइप सी तोंडाचा पेनड्राइव्ह किंवा ओटीजी जोडणी (फोनला पेनड्राइव्ह, माउस लावायचं छोटं साधन) वापरून घेता येतात. अँड्रॉइडवर 'फाइल्स' अ‍ॅपमधून, आयफोन १५ आणि त्यापुढे 'फोटोज'मधल्या 'सेव्ह टू फाइल्स'मधून. पेनड्राइव्ह एफएटी ३२ प्रकारात फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यात बसत नाही, आणि बारशाचा किंवा हळदीचा सलग फोरके व्हिडिओ सहज तेवढा होतो. नवा पेनड्राइव्ह वापरण्याआधी लॅपटॉपवर एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून घ्या. फॉरमॅट केल्याने त्यातलं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात असू द्या. पेनड्राइव्ह ने-आण करायला चांगला आहे, वर्षानुवर्षं जपून ठेवायला नाही.

१४. गूगल फोटोजमध्ये बॅकअप आहे. मग लॅपटॉपवर घ्यायची गरज काय? आणि फोनमधून डिलीट केले तर तिथे राहतील ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात सगळ्यात जास्त फोटो जातात. गूगल फोटोजमध्ये फोटो निवडून कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं, तर तो फोनवरूनही जातो आणि गूगलवरूनही. फक्त फोनवरची जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्या फोटोंचीच फोनवरची प्रत काढतो.

गरज काय, तर १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा बंद झाली. आता १५ जीबी मिळतात, आणि तेही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. ते भरले की बॅकअप थांबतो. सूचना येते, पण ती इतर सूचनांत हरवते. बॅकअप चालू आहे असं मानून चालणाऱ्या कित्येकांचा तो केव्हाच थांबलेला असतो. अ‍ॅपमध्ये वर उजवीकडे आपल्या चित्रावर टॅप करा, 'बॅकअप कम्प्लीट' लिहिलं आहे का ते आत्ता पाहा. शिवाय 'स्टोरेज सेव्हर' निवडलेलं असेल तर तिथली प्रत दाबलेली असते. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान केलेले असतात.

१५. गूगल फोटोजमधून सगळे फोटो एकदम लॅपटॉपवर कसे उतरवायचे?

गूगलच्या 'टेकआउट' या सेवेतून. लॅपटॉपच्या ब्राउझरवर ती उघडा, आधी 'डिसिलेक्ट ऑल' करा, मग फक्त 'गूगल फोटोज'वर खूण करा. फाइलचा आकार १० किंवा ५० जीबी निवडा, म्हणजे झिप फाइलींची संख्या आटोक्यात राहते. काही तासांनी किंवा दिवसांनी मेल येतो. त्यातली लिंक साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा आला की उतरवून घ्या.

उघडल्यावर दोन गोष्टींनी गोंधळ होतो. एक, फोटोंच्या शेजारी जेसन प्रकारच्या फाइली असतात. त्यांत तारीख आणि ठिकाणाची नोंद असते, त्या फेकू नका. दोन, जे फोटो तुम्ही अल्बममध्ये ठेवले आहेत ते वर्षाच्या फोल्डरमध्येही येतात आणि अल्बमच्या फोल्डरमध्येही.

१६. लॅपटॉपवर आल्यावर सगळ्या फोटोंची तारीख आजची झाली. मूळ तारीख गेली का?

बहुधा गेलेली नाही. विंडोज यादीत फाइल तयार झाल्याची किंवा बदलल्याची तारीख दाखवतो, आणि ही प्रत आजच तयार झाली आहे. फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आत वेगळी असते. यादीच्या शीर्षकपट्टीवर उजवं बटण दाबून 'डेट टेकन' हा रकाना निवडा आणि त्यावर क्रम लावा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंत ही आतली नोंद नसते. त्यांच्या नावात तारीख असते, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या-गेल्याची. १९८५ चा लग्नाचा फोटो काल ग्रुपवर आला, तर त्याच्यावर कालचीच तारीख असेल. गूगल पिक्सेल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक: तुमच्या फाइलच्या नावातली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यामुळे भारतातल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसते. पहाटे पाचच्या काकड आरतीचा फोटो नावावरून आदल्या रात्री साडेअकराचा वाटतो. आतली तारीख मात्र बरोबर असते.

१७. फोनची स्क्रीन फुटली आहे, टच चालत नाही. आतले फोटो मिळतील का?

फोन चालू होत असेल तर आशा चांगली आहे. घाईने रीसेट करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

अँड्रॉइड असेल आणि चित्र दिसत असेल तर ओटीजी जोडणीने साधा यूएसबी माउस लावा. पडद्यावर बाण उमटतो, त्याने पॅटर्न काढता येतो. मात्र पोर्ट माउसने अडवल्यामुळे लॅपटॉपची केबल लावता येत नाही. म्हणून माउसच्या मदतीने वायफाय चालू करून 'क्विक शेअर' किंवा गूगल फोटोजचा बॅकअप वापरा. आयफोन त्याच लॅपटॉपला आधी जोडून 'ट्रस्ट' केलेला असेल आणि फेस आयडी किंवा बोटाच्या ठशाने उघडत असेल, तर केबलनेही काम होऊ शकतं.

यातलं काहीच जमलं नाही तर स्क्रीन बदलून घेणं हाच मार्ग. स्क्रीन बदलल्याने फोटो जात नाहीत. दुकानात देताना 'आतला डेटा राहिला पाहिजे' असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. चिप काढून फोटो वाचता येतील, या आश्वासनावर पैसे घालवू नका. आताच्या फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि त्याच फोनमध्ये, तुमच्याच पासवर्डने उघडते. पासवर्ड विसरला असाल तर त्याला माझ्याकडे उपाय नाही.

'लॉक्ड फोल्डर' किंवा सॅमसंगच्या 'सिक्युअर फोल्डर'मधले फोटो केबलवर मुळीच दिसत नाहीत. धडधाकट फोनवरही ते आधी बाहेर काढावे लागतात. रीसेटपूर्वी तिथे एकदा डोकावा.

१८. फोटो लॅपटॉपवर आले. आता फोनमधून काढू का?

तीन गोष्टी केल्यावर काढा. पहिली, मोजणी. फोनवरच्या फोल्डरमध्ये किती फाइल आहेत आणि लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये किती, ते 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. दुसरी, उघडून पाहणं. सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे काही फोटो प्रत्यक्ष उघडा, व्हिडिओ थोडे चालवा. लघुचित्र दिसतं म्हणजे फाइल धड आहे असं नाही. अर्धवट आलेल्या फोटोचा खालचा भाग करडा दिसतो. तिसरी, दुसरी प्रत. फोनमधून काढल्यानंतर लॅपटॉपवरची प्रत एकुलती एक उरते, आणि लॅपटॉप हरवतो, पडतो, त्याची डिस्क एके सकाळी चालू होत नाही. बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत केल्याशिवाय फोनला हात लावू नका.

जमलं तर तिसरी प्रत घराबाहेर ठेवा, क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावा-बहिणीकडे. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील तर संकट दोघांवर एकदमच येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटातलं सगळंच भिजलं.

१९. दुकानातल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर फोन जोडला तर चालेल का?

शक्यतो टाळा. प्रिंट काढायच्या असतील तर नेमके तेवढेच फोटो पेनड्राइव्हवर घेऊन जा, म्हणजे फोन हातातच राहतो. जोडावाच लागला तर काम झाल्यावर तिथली प्रत आणि रीसायकल बिन दोन्ही समोर उभं राहून रिकामं करून घ्या. दुकानाच्या संगणकावर आपलं गूगल खातं उघडू नका. आयफोनवर 'ट्रस्ट' दाबून झालं असेल तर सेटिंग्ज, जनरल, 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन', रीसेट, 'रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी' केलं की तो विश्वास रद्द होतो.

२०. चुकून आधीच डिलीट झाले. आता काय?

फोन वापरणं थांबवा, नवे फोटो-व्हिडिओ काढू नका आणि लगेच ट्रॅश पाहा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस. आयफोनवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवस. फोनच्या स्वतःच्या गॅलरीला, 'फाइल्स' अ‍ॅपला आणि आयक्लाउडच्या संकेतस्थळालाही आपापली ट्रॅश असते, ती वेगळी तपासा. केबलवरून डिलीट झालेले मात्र या कशातच सापडणार नाहीत, कारण प्रश्न ४ मध्ये आहे. अशा वेळी ते फोटो कुणाकुणाला पाठवले होते ते आठवा आणि त्यांच्याकडून डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो मेमरी कार्डवर असतील तर कार्ड बाहेर काढून लॅपटॉपला जोडा आणि 'फोटोरेक' हे मोफत साधन चालवा. त्या कार्डावर मधल्या काळात नवं काही लिहिलं गेलं नसेल, तर बरेच फोटो परत मिळतात. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवू नका, लॅपटॉपवर घ्या.